इराण्याकडे जेवणाऱ्या बाई

आमच्या शाळेत भूगोल शिकवायला एक बाई होत्या, त्यांच्या घरात चूल नव्हती. स्टोव्ह नव्हता, शेगडी नव्हती, चहाचं भांडंसुद्धा नव्हतं. फणसवाडीतल्या त्यांच्या खोलीत एक खाट, एक पुस्तकांचं कपाट, पाण्याचा माठ आणि भिंतीवर आशिया खंडाचा नकाशा, एवढंच सामान. सकाळचा चहा, दुपारचं खाणं आणि संध्याकाळचं जेवण, तिन्ही त्या कोपऱ्यावरच्या इराण्याकडे घेत.

हे ऐकून माझी नात म्हणते, "मग काय झालं, आजी?" तिच्या घरी आठवड्यातले चार दिवस बाहेरून जेवण येतं. तिला समजावून सांगण्याचं त्राण आता माझ्यात नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं होती ती. गिरगावात बाईमाणसानं इराण्याकडे जायचं ते नवऱ्याबरोबर, वर्षा-दोन वर्षांतून एकदा, नाटक बघून परतताना, आणि तेही 'फॅमिली रूम' नावाच्या लाकडी खोक्यात, अर्धं दार ओढून घेऊन. एकट्या बाईनं रोज तीनदा तिथं जाऊन बसावं, हे कुणाच्या कल्पनेत बसत नव्हतं.

बाई तर फॅमिली रूममध्येही बसत नसत. पहिला आठवडाभर बसल्या म्हणे. आठव्या दिवशी आपली बशी उचलून बाहेर आल्या आणि भिंतीलगतच्या संगमरवरी टेबलाशी बसल्या. शेजारी टॅक्सीवाले, कारकून, विड्या ओढणारे म्हातारे. इराणीशेठ गल्ल्यावरून उठून धावत आला.

"बाई, फॅमिलीसाठी आत जागा हाय."

"माझी फॅमिली नाही," बाई म्हणाल्या. "आणि आत उजेडही नाही."

तेव्हापासून ते टेबल त्यांचं झालं. समोरच्या भिंतीला मोठा आरसा होता. त्या आरशाकडे तोंड करून बसत, म्हणजे पाठीमागचं सगळं हॉटेल त्यांना दिसे आणि त्यांच्याकडे टक लावून बघणाऱ्यांची नजरही पकडता येई. मिठाची एक छोटी बाटली त्यांच्या पिशवीत असायची, कारण इराण्याचं मीठ जाडं. पाव त्या हातानं मोडत, सुरीनं कापू देत नसत. आणि जेवताना वह्या तपासत.

दिसायला बाई उंच, हाडापेरानं मोठ्या. फिक्या रंगाची सुती लुगडी, पायांत पुरुषी वहाणा. लग्न केलेलं नव्हतं. मुंबईच्या एका जुन्या, खात्यापित्या घराण्यातल्या. एके काळी त्यांच्या आजोबांच्या मालकीच्या दोन चाळी होत्या. बाई अकरा वर्षांच्या असताना आई गेली. घरात वडील, दोन काका, चार भाऊ. स्वयंपाकीण ठेवली होती, ती आईच्या दिवसकार्यानंतर निघून गेली, आणि दुसरी शोधायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मुलगी करत होती. शाळा, मॅट्रिक, पुढचं कॉलेज, सगळं बाईंनी चुलीपुढे बसून केलं. धाकट्या भावाचं लग्न झालं, त्याच्या सोळाव्या दिवशी त्यांनी नव्या भावजयीच्या हाती पळी दिली, ट्रंक उचलली आणि फणसवाडीत खोली घेतली.

"एका बाईच्या वाट्याला जन्मभरात जेवढ्या पोळ्या येतात ना," त्या मला म्हणाल्या होत्या, "तेवढ्या माझ्या अठ्ठाविसाव्या वर्षीच लाटून झाल्या. आता माझं कुणाचं काही देणं नाही."

यात राग नव्हता. नोकरीतून निवृत्त झालेला माणूस बोलतो तसं त्या बोलत.

मी त्या शाळेत लागले तेव्हा पंचवीस वर्षांची होते. लग्नाला चार वर्षं झालेली. ठाकुरद्वाराजवळच्या आमच्या दोन खोल्यांत सासूबाई, नवरा, दोन दीर, एक नणंद आणि माझा दोन वर्षांचा मुलगा. पहाटे पाचला उठून सगळ्यांचे डबे करायचे, मग शाळा, परतल्यावर पुन्हा स्वयंपाक. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी खुर्चीवर बसल्याबसल्या झोपत असे. बाकीच्या हसत. बाई एकदा माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "डोकं भिंतीला टेकव. मान दुखेल."

आमची ओळख ती अशी झाली.

मग त्या कधीमधी शाळा सुटल्यावर मला इराण्याकडे घेऊन जात. पहिल्या वेळी मी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि आत शिरताना खाली मान घातली. बाई म्हणाल्या, "सरळ चाल. मान खाली घातलीस की लोकांना वाटतं बघण्यासारखं काहीतरी आहे." मी फक्त चहा घेई, कधी ब्रून-मस्का, म्हणजे कडक पाव आणि लोणी. आमच्या घरी अंडंसुद्धा चालत नसे. बाई माझ्यासमोर खिमा-पाव खात, पण आधी विचारत, "तुला वास सोसेल ना?" तिथं बसून त्या इराणीशेठला त्याच्या मुलखाबद्दल प्रश्न विचारीत. तो यझ्द गावाजवळचा. लहानपणी पायी आणि गाढवावरून निघून, मग बोटीनं मुंबईला आलेला. त्याच्या गावात पाणी डोंगरातून जमिनीखालच्या बोगद्यांनी कसं आणतात, हे त्यानं एकदा टेबलावर चहाच्या पाण्यानं रेघा ओढून दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी सातवीच्या वर्गात तेच फळ्यावर काढलं. पुस्तकात त्याबद्दल एक ओळही नव्हती.

"पुस्तक लिहिणारा तिथं गेला नाही," त्या म्हणाल्या. "हा तिथून आलाय."

त्यांची आणखी एक म्हण होती, माझ्या मनात ती कायमची राहिली: "दमलेल्या बाईनं खरं बोलू नये. तिचं खरं रडल्यासारखं ऐकू येतं." मी घरचं काही सांगायला लागले की त्या हे म्हणत आणि चहा मागवत.

मग ते हरताळाचे दिवस आले. शहरात गोळीबार झाला होता. गिरगावात रस्त्यावर दगडविटांचा खच, कोपऱ्याकोपऱ्यावर पोलीस, शाळा बंद, बाजार बंद, आणि इराण्याचं हॉटेलही बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी मला एकदम आठवलं, बाईंच्या घरात चूल नाही. आमच्या दोघींच्या घरांमध्ये चार गल्ल्यांचं अंतर. नवरा मोर्चाच्या गडबडीत होता. मी मुलाला सासूबाईंजवळ दिलं आणि मागच्या बाजूच्या गल्लीबोळांतून फणसवाडी गाठली.

बाई खाटेवर बसून ॲटलास चाळत होत्या. बशीत दोन बिस्किटं होती. कालपासून त्यांनी तीन केळी आणि बिस्किटांचा एक पुडा यावर दिवस काढले होते.

"शेजारी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर वाढलं असतं त्यांनी. मग म्हणाल्या असत्या, बघा, शेवटी आमच्याच चुलीपाशी यावं लागलं." बाई हसल्या. चेहरा मात्र उतरला होता.

मी त्यांना जवळजवळ ओढतच घरी आणलं. भात-आमटी झालेली होती, पोळ्या करायच्या होत्या. मी पाट मांडला, ताट वाढलं आणि पोळपाट घेऊन बसले. बाई पाटावर बसल्या आणि जेवेनात.

"तुझं ताट कुठंय?"

"माझं मागून. अजून भावोजी यायचेत, हे यायचेत."

"ते आल्यावर त्यांचं ते वाढून घेतील. तू बस. तू बसलीस तरच मी जेवेन."

सासूबाई दारात बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. बाई दोन दिवसांच्या उपाशी, ताटावरून हात उचलून बसलेल्या. शेवटी मी दुसरं ताट घेतलं. तव्यावरची पोळी थेट माझ्या ताटात आली, फुगलेली, वाफ निघणारी. मी ती मोडली आणि माझ्या लक्षात आलं की लग्न झाल्यापासून मी गरम पोळी खाल्लेली नाही. चार वर्षांत एकदाही नाही. आम्ही दोघी जेवलो. जेवून झाल्यावर बाईंनी आपलं ताट स्वतः घासून ठेवलं, सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि निघून गेल्या.

सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "असल्या बायका घरात आणत जाऊ नकोस. घर मोडतं."

पुढं मुंबईचं मोठं द्वैभाषिक राज्य झालं आणि नकाशा बदलला. सौराष्ट्र, कच्छ, विदर्भ, मराठवाडा, सगळं एकाच रंगात. पोरींना नवा नकाशा काढायला सांगावा लागला. बाई कंटाळून म्हणायच्या, "ही सीमा टिकत नाही, पेन्सिलनंच काढा." तपासायच्या वह्या नेहमीप्रमाणे इराण्याच्या टेबलावर गेल्या, आणि त्यांतल्या एका वहीवर, बरोबर कच्छच्या रणात, लोण्याचा डाग पडला.

ती वही नेमकी आमच्या शाळेच्या चिटणिसांच्या पुतणीची होती.

चिटणीस सज्जन गृहस्थ होते. चळवळीत चार दिवस तुरुंगातही जाऊन आले होते. शाळेच्या संस्थेत त्यांचा शब्द शेवटचा. वहीला हॉटेलचा वास येतो, असं त्यांच्या वहिनींनी सांगितलं आणि त्यांनी चौकशी केली. चौकशी करण्यासारखं काही नव्हतंच, सगळं गिरगाव बघत होतं. पण एकदा विचारल्यावर लोक सांगतात. बाई परपुरुषांच्या टेबलाशेजारी बसते. इराण्याशी तासतासभर बोलते. मांस-मच्छी खाते. तरुण शिक्षिकांना तिथं घेऊन जाते.

ती तरुण शिक्षिका मी होते.

चिटणिसांनी मला बोलावलं, पण रागावले नाहीत. "तुमचं अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. "शिक्षिकांतर्फे एक निवेदन लिहायचं आहे. मी मजकूर सांगतो, तुम्ही लिहून घ्या. मग सगळ्यांच्या सह्या होतील. तुमची नोकरी जूनमध्ये कायम व्हायची आहे ना?"

मी लिहून घेतलं. 'शाळेच्या लौकिकास बाध येईल असे वर्तन', 'संस्कारक्षम वयाच्या विद्यार्थिनी', 'नवोदित शिक्षिकांना प्रवृत्त करणे'. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. सही तिथंच मागितली नाही. रात्रभर विचार करायला दिला. घरी नवऱ्याला सांगितलं. तो दिवसभराच्या कामानं थकून आला होता. म्हणाला, "सही करून टाक. त्या बाईंना एकटीचं पोट. आपल्याला सात जणांचं आहे." ते खरं होतं. मी हुज्जत घातली नाही. हुज्जत घालण्याइतकी शक्ती असती तर गोष्ट वेगळी झाली असती, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. आता तेही सांगत नाही. मी सही केली. एकूण सहा सह्या झाल्या, त्यात माझी चौथी.

निवेदन बाईंना दाखवण्यात आलं. पुढचे आठ दिवस त्या माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलत होत्या, त्यामुळे मला अधिकच भीती वाटे. मग मार्चमधल्या एका दुपारी त्या म्हणाल्या, "आज चल माझ्याबरोबर. इराणीशेठचं नवं वर्ष आहे. त्यानं घरचं जेवण केलंय."

मी गेले. नाही म्हणायला तोंड नव्हतं. हॉटेलात गर्दी कमी होती. गल्ल्यावर हिरवेगार गव्हाचे अंकुर बशीत उगवलेले, आरसा, फुलं. इराणीशेठ स्वच्छ पांढरा सदरा घालून स्वतः वाढायला आला. एका मोठ्या थाळीत भात होता. शेपू घातलेला, पावट्यासारखे सोललेले दाणे घातलेला, वर केशराचं पाणी शिंपडलेलं.

"बाई बोलली, तुम्ही मटन खात नाय," तो मला म्हणाला. "म्हणून हा वेगळा केला. मटन नाय, अंडा नाय. माझी आई असा करायची."

मग त्यानं भांडं उलटं करून तळाचा खरपूस, सोनेरी पापुद्रा काढला आणि मोडून अर्धा बाईंच्या ताटात, अर्धा माझ्या ताटात ठेवला. "हे पाव्हण्याला देतात," तो म्हणाला आणि निघून गेला.

इतकं चांगलं मी त्याआधी कधी खाल्लं नव्हतं. बाई शांतपणे जेवत होत्या. अर्धा भात संपल्यावर म्हणाल्या, "निवेदन तू लिहिलंस ना? तू र ला खाली शेपटी काढतेस. बाकी कुणी काढत नाही."

"हो," मी म्हटलं.

"अक्षर फार सुरेख आलंय. एकही खाडाखोड नाही."

मी रडायला लागले. बाईंनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

"रडू नकोस, लोक बघताहेत. मला चिटणीस म्हणाले, इथं येणार नाही असं लिहून द्या, प्रकरण मिटवतो. मी म्हटलं, लिहून देते, पण मग माझ्या घरी येऊन रोज तीन वेळा स्वयंपाक कोण करणार, त्याचंही नाव त्यात लिहा. ते म्हणाले, तुम्ही करा. मी म्हटलं, माझा करून झालाय." बाईंनी पापुद्र्याचा तुकडा तोडला. "मी या महिनाअखेर सोडतेय. परळला एका शाळेत जागा आहे. तुझं कायम होईल जूनमध्ये. होऊ दे."

"तुम्हाला माझा राग नाही आला?"

त्यांनी आरशात पाहिलं. "आला," त्या म्हणाल्या. "दोन दिवस खूप आला. मग वाटलं, तुला राग यायला हवा होता तेव्हा तू झोपेत होतीस. तुझ्यावर रागवायचं म्हणजे आधी तुला उठवायचं. तेवढं माझ्याच्यानं होत नाही गं. मीही दमलेय."

आम्ही ताटं संपवली. मला त्या वेळी माफी मागता आली असती. मी भाताबद्दल काहीतरी बोलले.

जूनमध्ये मी कायम झाले. बाई फणसवाडीची खोली सोडून लालबागेत राहायला गेल्या. पुढं मुंबईसह महाराष्ट्र झाला, त्या संध्याकाळी आमच्या चाळीत रोषणाई होती, पेढे वाटले, आणि मी पन्नास माणसांचा मसालेभात केला. नकाशा परत बदलला. नव्या भूगोलाच्या बाईंनी तो पोरींकडून शाईनं काढून घेतला. मला आणखी दोन मुलं झाली. सासूबाई अंथरुणाला खिळल्या. दिवस कसे गेले याचा हिशेब लागत नाही. सगळे सारखेच होते.

तीन-चार वर्षांनी केव्हातरी, एका नातेवाइकांना भेटायला परळच्या इस्पितळात गेले होते. तिथून निघाले आणि पाय आपोआप लालबागेकडे वळले. बाई तिथल्या कोणत्या इराण्याकडे जात असतील हे शोधायला फार वेळ लागला नाही. गिरणीच्या पाळीचा भोंगा होऊन गेला होता, हॉटेलात कामगार चहा पीत होते, आणि भिंतीजवळच्या टेबलाशी बाई बसल्या होत्या. मी दोन पायऱ्या चढून आत गेले. ठरवून गेले होते काय बोलायचं ते. वाटभर मनात पाठ केलं होतं.

बाई झोपल्या होत्या. खुर्चीवर बसल्याबसल्या, डोकं भिंतीला टेकवून, तोंड किंचित उघडं. केस पुष्कळ पांढरे झालेले. समोर रिकामी बशी आणि तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. शेजारचे कामगार आवाज खाली आणून बोलत होते. त्यांना सवय झालेली असावी.

मी समोरच्या खुर्चीवर बसले. चहा मागवला, तो आला, मी प्यायले. अर्धा तास गेला असेल. त्या अर्ध्या तासात मला कुणी काही मागितलं नाही, कुणी हाक मारली नाही. बाईंना उठवावं असं दोनदा मनात आलं. उठवलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. पण ते माझ्या सोयीचं झालं असतं, त्यांच्या नाही. मी उठले.

गल्ल्यावर तिथला इराणी बसला होता, आमच्या गिरगावातल्या शेठपेक्षा वयानं बराच लहान.

"बाई रोज झोपतात इथं?" मी विचारलं.

"दोन शाळा करते ना. सकाळी एक, दुपारनंतर एक. मधे इकडे झोपते. मी रेडिओ बंद ठेवतो." त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही गिरगावच्या शाळेतल्या काय?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"येतात ना तिकडच्या बायका. एक दिवाळीत आली. एक त्याच्या आगोदर दोनदा आली. बाई जागी असली तर बाहेरूनच बघून जातात. झोपली असली तर आत येतात. मला विचारतात, बाई बरी आहे काय. मी बोलतो, बरी आहे, कोण आली होती सांगू? तर बोलतात, शाळेतली एक. नाव कोण सांगत नाय."

मी पायरीपर्यंत गेले होते. परत वळले आणि माझं नाव सांगितलं. पंख्याच्या आणि कपबश्यांच्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं नाही. तेव्हा मी गल्ल्याजवळ गेले, वाकले आणि पुन्हा एकदा, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.